ट्रॉली तिरकी उभी असेल तर ट्रॅक्टर जोडायचा-सोडायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिंडोरी तालुक्यातली वस्ती, एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला कांदाचाळ, मध्ये वीस-बावीस फुटांचं अंगण. दोनचाकी ट्रॉली तिरकीच उभी करावी लागते. ट्रॅक्टर तिच्या सरळ रेषेत मागे घेता येत नाही. जोडताना दांडा जुळत नाही, सोडताना पिन अडकते आणि शेवटी हातोडा मारावा लागतो. तिरकं जोडणं-सोडणं मुळात चुकीचं आहे का, आणि त्याने ट्रॉलीचं काही बिघडतं का?

तिरकं जोडायला काहीच हरकत नाही. आमची वस्ती निफाडच्या बाजूला आहे. द्राक्षबागेच्या टोकाला, शेडच्या दारात, चाळीपुढे, कुठेही ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत आणायला जागा मिळत नाही. गेली पंचवीस वर्षं मी बहुतेक वेळा तिरकंच जोडतो आणि तिरकंच सोडतो. ट्रॉलीच्या दांड्याच्या टोकाचं कडं ट्रॅक्टरमागच्या हुकाच्या जबड्यात, दोन पट्ट्यांमध्ये बसतं, आणि या सगळ्यातून पिन जाते. पिन गोल असते आणि उभी असते. दांडा समोरून आला काय आणि बाजूने आला काय, तिला फरक पडत नाही. तुमची पिन अडकते ती दुसऱ्या दोन कारणांनी: एक तर तिच्यावर ताण असतो, नाहीतर दांड्याचं कडं हुकाच्या जबड्यात कललेलं असतं. अरुंद जागेत तिरकं उभं राहताना ही दोन्ही कारणं नेमकी सोबत येतात, म्हणून दोष कोनाला लागतो.

ताण ओळखायला सोपा आहे. ट्रॅक्टर बंद करा, खाली उतरा, गुडघ्यावर बसून जबड्यात बघा. कडं पिनेला मागच्या बाजूला ओढतंय, म्हणजे ट्रॉली उताराने मागे जायला बघतेय. अशा वेळी ट्रॅक्टर अर्धा-एक इंच मागे घ्यायचा. कडं पिनेवर पुढे रेटतंय, तर तेवढाच पुढे घ्यायचा. अर्धा इंच म्हणजे खरंच अर्धा इंच. क्लच पूर्ण सोडायचा नाही. चाक हललं असं वाटलं की ब्रेक. आमच्याकडची पद्धत अशी आहे की पिन दोन बोटांत धरून फिरवून बघायची. बोटांनी फिरली तर ती निघणार. बोटांनी फिरत नसेल तर हातोड्याने निघेलही, पण निघताक्षणी दांडा कुठल्या बाजूला उडी मारेल हे तुम्हाला माहीत नसतं. हातोड्यावर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. पिन घट्ट आहे याचा अर्थ तिने काहीतरी अडवून धरलंय, आणि ते काय आहे हे बघायच्या आत आपण ती ठोकून काढतो.

कल म्हणजे पीळ. ट्रॉलीचं एक चाक चार बोटं उंच दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असेल, तर सगळा दांडा आपल्याभोवती थोडा पिळतो. कडं जबड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये आडवं न बसता एका कडेवर उभं राहतं. मग पिन वरच्या भोकात एका बाजूला आणि खालच्या भोकात दुसऱ्या बाजूला दाबली जाते. पुढे-मागे कितीही हलवा, ती मोकळी होत नाही. तुमच्याकडची जमीन मुरमाड आणि उताराची, त्यामुळे मला वाटतं तुमचा खरा त्रास हाच असावा. यावर उपाय ट्रॅक्टरवर बसून सापडत नाही. खालच्या चाकाखाली फळी सारून ट्रॉली सपाट करायची, किंवा ती जागाच सपाट करून घ्यायची.

पिनही काढून एकदा उजेडात बघा. वर्षानुवर्षं सरळ ओढून तिच्या मधल्या भागावर एका बाजूला खाच पडते. ट्रॉली सरळ असताना कडं त्या खाचेत निवांत बसतं. तिरकं झालं की खाचेची कड कड्यात अडकते, आणि मग वाटतं की कोनामुळे पिन जाम होते. खाच बोटाला लागत असेल तर पिन बदला. भोकाच्या मापाची, लॉक असलेली, वर धरायला मूठ असलेली पिन घ्या. सळईचा तुकडा किंवा मोठा बोल्ट कधीच नको. बारीक पिन मोठ्या भोकात तिरकी होते आणि वाकते. महिन्यातून एकदा ग्रीस लावलं तरी पुरतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांब लिहायला बसलो ती सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या चाळीपुढे कांद्याची ट्रॉली उभी होती. बाजूचा फाळका उघडून मजुरांनी पुढच्या बाजूचा माल आधी उतरवला होता; मागचा तसाच होता. टँकर आणायचा म्हणून ट्रॅक्टर मोकळा हवा होता. धाकट्या भावाने पिन काढायला घेतली, ती निघेना, त्याने खालून हातोडा मारला. पिन उडाली आणि त्याच क्षणी दांडा वर आला. भाऊ वाकलेला होता. दांडा हनुवटीला लागला, दोन दात गेले आणि जबड्याला टाके पडले. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. दांडा एक वीत आणखी वर लागला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही ट्रॉली सोडताना करतो.

यात गणित आहे आणि ते साधं आहे. दोनचाकी ट्रॉली म्हणजे तराजू; मधला आस म्हणजे तिचा काटा. समजा ट्रॉलीत 30 क्विंटल माल आहे, आसापासून पिनेपर्यंतचं अंतर 10 फूट आहे, आणि मालाचा मध्य आसाच्या अर्धा फूट पुढे आहे. मग पिनेवर खाली साधारण 150 किलोचा भार येतो. तोच मध्य आसाच्या अर्धा फूट मागे गेला, की तेवढेच 150 किलो दांड्याला वर उचलायला लागतात. रिकाम्या ट्रॉलीचा दांडा स्वतःच्या वजनाने खाली बसतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा बदलेल. पण फूटभराच्या फरकाने दिशा उलटते, हे विसरू नका. म्हणून भरलेली किंवा अर्धी रिकामी ट्रॉली सोडताना आधी जबड्यात बघायचं: कडं खालच्या पट्टीवर टेकलंय की वरच्या? खालच्या पट्टीवर असेल तर दांड्याखाली जॅक लावून पुढच्या कामाला लागा. वरच्या पट्टीला चिकटलं असेल तर पिनेला हात लावू नका. आधी ट्रॉलीच्या मागे, चॅसीखाली भक्कम टेकू द्या किंवा माल पुढे ओढून घ्या. ट्रॉली सरळ असताना हे डोळ्यांना चटकन दिसतं. तिरकी असताना ट्रॅक्टरचं मोठं चाक आड येतं आणि आपण न बघताच हात घालतो. तिरकं सोडण्यातला मोठा धोका मला हाच वाटतो.

सोडायचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी दगड, आणि दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी. अनेक जण एकाच चाकाला उताराच्या बाजूने एक दगड लावतात. सरळ ट्रॉलीला तो बऱ्याचदा पुरतो. तिरक्या ट्रॉलीला पुरत नाही, कारण ट्रॅक्टर जरा हलला की दांड्याला आडवा धक्का बसतो. मग दगड लावलेलं चाक खुंट्यासारखं जागेवर राहतं, दुसरं मोकळं चाक फिरतं आणि दांडा गोल सरकत जातो. जॅक आडवा पडतो तो असाच.

दगडांनंतर जॅक. त्याच्याखाली फूटभर लांब-रुंद जाड फळी हवीच. आमच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात फळीशिवाय जॅक रात्रीत अर्धा आत जातो आणि सकाळी कडं मातीत रुतलेलं असतं. तुमच्या मुरमात तो रुतणार नाही, पण घसरेल. जॅक इतकाच फिरवायचा की कडं जबड्यात अधांतरी राहील, वरच्या पट्टीलाही टेकणार नाही आणि खालच्याही. जास्त उचललंत तर पिन पुन्हा आवळते. जॅकने उचलल्यावर पिन आणखी घट्ट झाली असं ज्यांना वाटतं, त्यांचं बहुतेक हेच झालेलं असतं. जॅकचं हँडल तिरकेपणाच्या मोकळ्या बाजूला येईल असं बसवून घ्या, नाहीतर ते टायरला अडतं. हायड्रोलिकचा पाइप आणि लाइटची वायर पिनेआधी काढा. पिनेनंतर काढू म्हणून राहिलेला पाइप आमच्याकडे एकदा तुटला आहे.

मग बोटांनी फिरवून पिन काढायची आणि ट्रॅक्टरवर बसायचं. इथे तिरकं सोडणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: निघताना स्टिअरिंग सरळ हवं. हूक मागच्या आसाच्याही मागे असतो. स्टिअरिंग उजवीकडे वळवून पुढे निघालात की हूक आधी डावीकडे सरकतो. जबडा कड्यातून पूर्ण बाहेर यायच्या आत ही सरक झाली तर कडं आणि जॅक दोन्ही तो सोबत ओढतो. म्हणून ट्रॅक्टर ज्या दिशेला तोंड करून उभा आहे त्याच दिशेला दोन फूट सरळ जायचं, हूक मोकळा झालेला मागे वळून बघायचं आणि मगच वळायचं. तेवढी दोन फूट जागा पुढे नसेल तर ट्रॉली सोडायला ती जागाच चुकीची आहे.

जोडताना बहुतेक जण ट्रॅक्टर दांड्याच्या रेषेत आणायच्या नादात दहा वेळा पुढे-मागे करतात. रेष सोडून द्या. तुम्हाला फक्त हुकाचा जबडा कड्याच्या ठिकाणी न्यायचा आहे. ट्रॅक्टरचं तोंड कुठे आहे याला महत्त्व नाही. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला हूक लगेच जातो, हे हाताला एकदा कळलं की निम्मं काम झालं. पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल उतरवायच्या आवारात, उभे राहून जुने ड्रायव्हर बघा. लिलाव होऊन ट्रॉल्या खळ्यावर आल्या की तिथे कुणालाच सरळ जागा नसते. ते मागे वळून फक्त कड्याकडे बघत असतात, ट्रॅक्टर आपोआप त्या ठिपक्याकडे येतो. शेवटच्या चार फुटांत ते स्टिअरिंग जवळजवळ हलवत नाहीत. चार फुटांवर असताना चुकतंय असं दिसलं की सरळ पुढे जातात आणि पुन्हा येतात. शेवटच्या वितीत चाकं वळवून जबडा दामटायचा प्रयत्न ते करत नाहीत.

दोन-तीन इंचांची चूक उरली तर ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक उपयोगी पडतात. अगदी हळू मागे येताना उजवा ब्रेक हलका दाबला की ट्रॅक्टर त्या चाकाभोवती फिरतो आणि हूक उजवीकडे येतो. हे मोकळ्या ट्रॅक्टरने, शेतात किंवा अंगणातच करायचं. जोडून झालं की दोन्ही पायडल एकमेकांना लॉक करून टाका. रस्त्यावर भरल्या ट्रॉलीसह एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो.

आणि ट्रॉली रिकामी असेल, जमीन सपाट असेल, तर एक जुनी युक्ती आहे. मघाशी जी गोष्ट धोक्याची म्हणून सांगितली तीच इथे कामाला येते. एकाच चाकाला पुढून-मागून दगड लावायचा, दुसरं मोकळं ठेवायचं, आणि दोघांनी दांडा उचलून हवा तिकडे चालत न्यायचा. ट्रॉली बांधलेल्या चाकाभोवती दार फिरावं तशी फिरते. दांडा लांब असल्यामुळे जोर फारसा लागत नाही. आमचे अण्णा ट्रॅक्टर येण्याच्या आधी बैलगाडी हाकायचे. त्यांना गाडीचं जू धरून गाडी वळवायची सवय होती, आणि ट्रॉलीही ते तशीच वळवायचे. दांडा हाताने थोडा ट्रॅक्टरकडे वळवून घेतला की वीस फुटांच्या अंगणातही कोन निम्म्यावर येतो. भरलेल्या ट्रॉलीला किंवा उतारावर मात्र हे कधीही करू नका.

माणूस कुठे उभा राहतो याबद्दल. तिरका ट्रॅक्टर आणि दांडा मिळून अडकित्ता होतो. कोनाच्या आतल्या बाजूला मोठं टायर आणि दांडा यांच्यात जी फट असते ती ट्रॅक्टर मागे येताना मिटत जाते. त्या फटीत कुणीही उभं राहायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही, घरचा माणूस असला तरी नाही. खुणा करणारा कोनाच्या बाहेरच्या बाजूला, मडगार्डच्या पलीकडे, ड्रायव्हरला चेहरा दिसेल असा उभा हवा. तो एकच असावा. तीन जणांनी तीन बाजूंनी ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडलं की ड्रायव्हर कुणाचंच ऐकत नाही. आणि कडं हाताने जुळवायचं असेल तर ट्रॅक्टर थांबलेला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, ड्रायव्हरचे पाय पायडलवरून खाली. मुलं अंगणात असतील तर आधी घरात पाठवा. मी हे आमच्या घरात दरवेळी म्हणतो, सगळे कंटाळतात, तरी म्हणतो.

आता कोन किती चालतो? प्रत्येक जोडीचा वेगळा. तुमच्या जोडीचा एकदा मोजून ठेवा. जोडलेल्या अवस्थेत हळूहळू वळत जा आणि कुणाला तरी लांबून बघायला सांगा: टायर आणि दांडा यांच्यात पसरलेल्या पंजाएवढं अंतर राहिलं की तो तुमचा शेवटचा कोन. आमच्या मोठ्या ट्रॅक्टरला हे साधारण 45 अंशांच्या आसपास येतं. बागेतल्या लहान ट्रॅक्टरला थोडा जास्त कोन मिळतो. मागचे हायड्रोलिकचे दोन हात वर उचलून साखळीने आवळून ठेवा, नाहीतर टायरच्या आधी तेच दांड्याला भिडतात आणि वाकतात. जोडून झाल्यावर पहिल्यांदा पुढेच जायचं, मागे नाही. तिरकं असताना मागे घेतलंत की कोन वाढतच जातो.

ट्रॉलीचं बिघडतं का, हे तुम्ही विचारलं होतं. हळू, सपाट जागेत तिरकं जोडल्याने बिघडत नाही. बिघडतं ते तिरक्या अवस्थेत जोर लावल्याने. रुतलेली भरली ट्रॉली तिरकीच हिसडून काढली की दांड्याच्या मुळाशी, जिथे तो चॅसीला जोडलेला असतो, तिथलं वेल्डिंग उकलतं. तिथे रंगाखाली केसासारखी रेष दिसते का ते बघत जा. डम्पिंग, म्हणजे उचलून माल ओतणारी ट्रॉली असेल तर तिरक्या अवस्थेत कधीही उचलू नका. माल एका बाजूला घसरला तर ट्रॉली कलंडते. आणि काही झालं तरी ट्रॉली ठरलेल्या हुकालाच जोडा. हूक जुळत नाही म्हणून वर टॉपलिंकच्या (हायड्रोलिकच्या वरच्या दांड्याच्या) जागी साखळी बांधून ओढणारे मी पाहिले आहेत. ओढ तेवढ्या उंचीवर गेली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागे उलटतो.

माझा भाचा परदेशात आहे, तो कारमागे राहण्याची ट्रॉली, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून फिरतो. तिथे पिनेऐवजी लोखंडी गोळा असतो, युरोपात 50 मिलिमीटरचा, आणि दांड्याची वाटी त्यावर बसते. गोळा सगळीकडून गोल असल्यामुळे त्याला आपल्यासारखा पिळाचा त्रास कमी. अमेरिकेत ट्रॉलीच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार दांड्यावर हवा असं धरतात, म्हणजे मघाचं तराजूचं गणित तिथेही तेच. वाटी गोळ्याला घट्ट बसली आणि निघेना, तर तोही कार अर्धा इंच पुढे-मागे करतो. जड ट्रॉलीला बाजूने ताणाच्या दोन पट्ट्या लावतात, त्या मात्र सोडताना आधी दांडा जॅकने उचलून ढिल्या कराव्या लागतात, कारण वाकलेली पट्टी सुटली की जोरात उडते.

तुमच्या अंगणासाठी मी असं करेन. ट्रॉलीची पाठ चाळीकडे आणि दांडा बाहेरच्या रस्त्याकडे, विहिरीच्या बाजूला काहीच नको. उतार विहिरीकडे असेल तर ट्रॉलीच्या दोन चाकांची जागा मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून सपाट करून घ्या. तिथे दोन्ही चाकांमागे सिमेंटमध्ये एकेक दगड कायमचा बसवा. दरवेळी ट्रॉली त्या दगडांना टेकवून उभी केली की कडं दरवेळी त्याच ठिकाणी येईल. मग एकदा नीट जोडून झाल्यावर, ट्रॅक्टर जागेवर असतानाच, त्याच्या पुढच्या दोन चाकांच्या जागेवर चुन्याने खूण करा, आणि तिथून मागे दहा-बारा फूट येताना स्टिअरिंग कसं होतं ते लक्षात ठेवा. पावसाळ्यात चुना धुऊन जाईल, तेव्हा तिथे विटा पुरा.